दिवाणखान्यात दिलेला शब्द

१ नोव्हेंबर २०२३ रोजी इंडियाना विद्यापीठाचे माजी बास्केटबॉल कोच बॉबी नाइट वारले आणि अमेरिकेतला एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूने त्यांचे विजय मोजले गेले: कारकिर्दीत जिंकलेले ९०२ सामने, १९७६, १९८१ आणि १९८७ ही तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं, १९८४ च्या ऑलिंपिकमधलं सुवर्णपदक. दुसऱ्या बाजूने त्यांची कृत्यं मोजली गेली: १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात कोर्टवर भिरकावलेली खुर्ची, सरावात एका खेळाडूच्या गळ्याला घातलेला हात, १९८८ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत बलात्काराविषयी काढलेले घृणास्पद उद्गार. मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडून बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला, की माणूस मोठा गुंतागुंतीचा होता. एखाद्या कॉलेज कोचची नेमणूक झाली किंवा हकालपट्टी झाली, की हाच तराजू बाहेर निघतो. एका पारड्यात चारित्र्य, दुसऱ्यात विजय, आणि कुठलं पारडं जड यावर लोक हमरीतुमरीवर येतात.

हा वाद मुळातच चुकीच्या पद्धतीने घातला जातोय, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय की जिंकणं हे कोचचं काम आणि चारित्र्य ही त्याच्या खासगी आयुष्यातली वेगळी गोष्ट. मला तसं वाटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर कोचला जी सत्ता मिळते, ती तो कशी वापरतो हाच त्याच्या नोकरीचा गाभा आहे, आणि म्हणून कॉलेजच्या कोचच्या बाबतीत चारित्र्य विजयापेक्षा महत्त्वाचं आहे. पण त्याच वेळी हेही सांगायला हवं, की तो दारू पितो का, त्याचा संसार टिकला का, रविवारी चर्चमध्ये जातो का, याच्याशी मला कर्तव्य नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच चारित्र्याचा आग्रह धरणारे सोवळे ठरतात आणि विजयाचे समर्थक व्यवहारी ठरतात.

व्यावसायिक संघाच्या आणि कॉलेजच्या कोचमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एनबीएतला मोठा खेळाडू आपल्या कोचपेक्षा कितीतरी जास्त कमावतो. त्याच्या पाठीशी संघटना असते, एजंट असतो, अनेक वर्षांचा करार असतो. दोघांचं पटलं नाही तर बऱ्याचदा कोचलाच घरी जावं लागतं. कॉलेजात नेमकं उलटं. १९७३ पासून जवळपास चार दशकं खेळाडूची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे, आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही हे कोचच्या मर्जीवर असे. अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीला कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने परवानगी दिली ती २०१२ च्या सुमारास. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर आधीच्या विद्यापीठाचा होकार हवा, हा नियम २०१८ पर्यंत होता, आणि गेल्यावर एक हंगाम नुसतं बसून काढावा लागे. मुलगा काय खातो, कधी झोपतो, कोणत्या वेळेचा तास घेऊ शकतो, कोर्टवर त्याला किती मिनिटं मिळतात, दुखापत झाली तर ती खरी मानायची की बहाणा, हे सगळं एका माणसाच्या हातात. इतकी सत्ता त्या वयात मुलाच्या बापाचीही त्याच्यावर नसते.

ही सत्ता कोचला मिळते कशी, हे पाहिलं की माझा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. चांगला खेळाडू शाळेत असतानाच कोच त्याच्या घरी जातो. दिवाणखान्यात बसतो, आईच्या हातचं जेवतो, भिंतीवरच्या फोटोंची चौकशी करतो, धाकट्या भावंडांची नावं लक्षात ठेवतो. मुलाशी तो अजिंक्यपदाच्या आणि एनबीएच्या गोष्टी करतो, पण आईवडिलांशी, आजीशी त्याचं बोलणं वेगळं असतं. तिथे तो अभ्यासाचं बोलतो, पदवीचं बोलतो, पोराकडे मी स्वतःच्या मुलासारखं लक्ष देईन असं सांगतो. म्हणजे आपलं चारित्र्यच तो तिथे तारण म्हणून ठेवतो आणि त्या बदल्यात मुलगा घेऊन जातो. अशा माणसाने पुढे त्या मुलाला सरावात लाथ मारली, तर त्याचे पाठीराखे कोणत्या तोंडाने म्हणतात की त्याला चारित्र्यासाठी नव्हे, जिंकण्यासाठी पगार मिळतो? विद्यापीठाने पगार कशासाठी दिला हा विद्यापीठाचा प्रश्न झाला. त्या आईने मुलगा कशाच्या भरवशावर दिला, याचं उत्तर कोण देणार?

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र हलके नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीच्या यादीवर सर्वाधिक पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, कुलगुरू नसतो, तो फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कॉलेज कोच असतो. दर मार्चमध्ये ६८ संघांची स्पर्धा होते, तिच्या प्रक्षेपण हक्कांवर एनसीएएचा संसार चालतो. सभ्य, सालस कोच हंगामात आठच सामने जिंकला तर त्याला निरोप देताना कोणी अश्रू ढाळत नाही. शिवाय हरण्याची किंमत मुलांनाही पडते. संघ हरत राहिला की निरीक्षक फिरकत नाहीत आणि ज्याला पुढे खेळायचंय त्याची वाट अरुंद होते. हे सगळं मला मान्य आहे. जिंकायची इच्छाच नसलेला कोच मुलांची फसवणूक करतो असंही मी म्हणेन. पण हिशेब पुरता करा. एनसीएएत खेळणाऱ्यांपैकी एनबीएच्या निवडीत येणारे जेमतेम शंभरात एक-दोन असतात. विजयाचा बोनस कोचला, जाहिरात विद्यापीठाला, जल्लोष माजी विद्यार्थ्यांना. उरलेल्या अठ्ठ्याण्णव मुलांच्या पदरात त्या चार वर्षांत त्यांना काय शिकवलं गेलं आणि कसं वागवलं गेलं, एवढंच पडतं. जिंकण्याची गरज खरी असली तरी तिची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते, त्यांना ती ठरवायचा अधिकारच नाही.

दुसरा मुद्दा खुद्द नाइट यांच्या खेळाडूंचा. त्यांच्यातले कितीतरी जण आजही शपथेवर सांगतील की या माणसाने आम्हाला घडवलं, आणि मला त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. १९८१ च्या विजेत्या संघातला लँडन टर्नर त्याच उन्हाळ्यात मोटार अपघातात जायबंदी होऊन कायमचा चाकाच्या खुर्चीवर आला, तेव्हा नाइट त्याच्यासाठी पैसे उभे करत फिरले. त्यांचे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडत, आणि एनसीएएच्या नियमभंगाचं मोठं प्रकरण त्यांच्या संघावर कधी शेकलं नाही. हे सारं खरं. पण साक्षीदार कोण आहेत ते पाहा. जे टिकले त्यांचीच साक्ष आपण ऐकतो. मधेच सोडून गेलेल्यांना निरोपसमारंभाला कोणी बोलावत नाही.

नील रीड हा त्यातला एक. तो इंडियाना सोडून सदर्न मिसिसिपीला गेला. २००० च्या मार्चमध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की सरावात नाइट यांनी माझा गळा धरला होता. नाइट यांनी इन्कार केला, आणि राज्यभर लोकांनी रीडलाच खोटं ठरवलं. पुढच्याच महिन्यात १९९७ च्या सरावाची चित्रफीत टीव्हीवर दिसली. काही सेकंदांचंच दृश्य आहे ते: कोच ताडताड चालत खेळाडूकडे येतो, हात थेट गळ्यापर्यंत जातो, मुलाचं डोकं मागे झुकतं, आणि आजूबाजूचे सगळे आपापल्या जागी उभे राहतात. मला त्या दृश्यात गळ्यावरच्या हाताइतकंच ते उभे राहिलेले लोक खटकतात. त्या सभागृहात सहायक होते, संघातले इतर खेळाडू होते. त्यांना धक्का बसलेला दिसत नाही, म्हणजे हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं.

आता विद्यापीठाने काय केलं ते तारखांसकट बघू. १९७९ मध्ये पोर्टो रिकोतल्या पॅन अमेरिकन स्पर्धेच्या वेळी नाइट यांच्यावर पोलिसाला मारल्याचा ठपका आला, नोकरी शाबूत राहिली. १९८५ ची खुर्ची, एका सामन्याचं निलंबन. १९८८ चे ते उद्गार, नोकरी शाबूतच. १९८७ नंतर अजिंक्यपद मिळालं नाही, १९९५ पासून तर संघ राष्ट्रीय स्पर्धेत एकापेक्षा जास्त सामना जिंकेना, आणि मग २००० च्या मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी जाहीर केलं की यापुढे काहीही खपवून घेतलं जाणार नाही. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याने साध्या आडनावाने हाक मारली म्हणून नाइट यांनी त्याचा दंड पकडून त्याला शिष्टाचार शिकवला, आणि १० सप्टेंबरला त्यांना काढण्यात आलं. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ब्रँड यांचा पुतळा जाळला. ब्रँड यांनी बरोबरच केलं. पण चारित्र्याची आठवण व्हायला तेरा वर्षांचा अजिंक्यपदाचा दुष्काळ का लागावा? १९८७ च्या करंडकाने विद्यापीठाचे डोळे बांधले होते आणि करंडक जुना झाल्यावर पट्टी सैल झाली, याखेरीज दुसरं उत्तर मला सापडत नाही.

शिस्तीचं काय, असं विचारणारे पुष्कळ आहेत. आपल्या मराठी घरांतही मार खाल्ला म्हणून घडलो असं अभिमानाने सांगणारी माणसं पावलोपावली भेटतात. त्यांना मी कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वूडन यांच्याकडे बघायला सांगेन. हंगामाच्या पहिल्या दिवशी वूडन आपल्या खेळाडूंना मोजे घालायला शिकवत. नावाजलेले, शाळेत असतानाच देशभर गाजलेले पोरगे बाकावर ओळीने बसलेले, आणि हा गृहस्थ त्यांना दाखवतोय की टाचेशी आणि बोटांशी मोज्याला एकही सुरकुती राहता कामा नये, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. मग बुटाची नाडी, एकेका भोकातून ताणून घेत. याहून कडक शिस्त कोणती? बिल वॉल्टन हा देशातला सर्वोत्तम खेळाडू असताना केस वाढवून सरावाला आला आणि म्हणाला, माझे केस कसे ठेवायचे हे ठरवायचा तुम्हाला अधिकार नाही. वूडन म्हणाले, खरंय, तो अधिकार मला नाही. कोण खेळणार एवढंच मी ठरवतो, आणि तुझी आम्हाला फार उणीव भासेल. वॉल्टन सायकलवर टांग मारून न्हाव्याकडे पळाला. कोणाच्या अंगाला हात लागला नाही, कोणाची आई-बहीण निघाली नाही, नियम मात्र तसूभर हलला नाही. कठोरपणा आणि अपमान यांतला फरक अठरा वर्षांच्या मुलाला नेमका कळतो. तो कळत नसल्याचं सोंग मोठी माणसं करतात.

आणि मारझोड करणारा जिंकतोच असंही नाही. न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवे भागात आपली हजारो माणसं राहतात, त्यांची मुलं रटगर्स विद्यापीठात शिकतात, म्हणून हे उदाहरण इथल्या वाचकांना दूरचं वाटू नये. रटगर्सचे कोच माइक राइस सरावात मुलांच्या अंगावर, डोक्यावर चेंडू फेकून मारत, ढकलत, लाथा घालत, समलिंगी लोकांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शिव्या देत. संघात काम केलेल्या एका माजी खेळाडूने ही दृश्यं विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांपुढे २०१२ च्या अखेरीस ठेवली. संचालकांनी ती पाहिली आणि तीन सामन्यांचं निलंबन व दंड एवढ्यावर प्रकरण मिटवलं. २०१३ च्या एप्रिलमध्ये ईएसपीएनने तीच दृश्यं देशाला दाखवली, तेव्हा चोवीस तासांत राइस यांची नोकरी गेली आणि दोन दिवसांनी संचालकांनाही जावं लागलं. डिसेंबर ते एप्रिल या काळात चित्रफितीत एक क्षणही बदलला नव्हता. फक्त ती पाहणारे वाढले. तीन हंगामांत राइस यांनी जिंकले ४४ आणि हरले ५१, म्हणजे विजयाचा बहाणाही तिथे उपलब्ध नव्हता.

माझ्या बाजूचे लोकही एक लबाडी करतात आणि ती मला तितकीच खुपते. चारित्र्यवान कोच शेवटी जिंकतोच, हे सिद्ध करायला ते वूडन यांची बारा वर्षांतली दहा अजिंक्यपदं पुढे करतात. असं म्हणताच सगळा मुद्दा हातचा जातो, कारण मग सद्वर्तन हा जिंकण्याचा एक डावपेच ठरतो आणि ज्या दिवशी तो चालणार नाही त्या दिवशी तो सोडायला मोकळीक मिळते. मला वूडन यांची थोरवी त्या दहा करंडकांत दिसत नाही, ती १९४७ मध्ये दिसते, जेव्हा कोच म्हणून त्यांना इंडियानाबाहेर फारसं कोणी ओळखतही नव्हतं. ते इंडियाना स्टेटचे कोच होते. संघाला कॅन्सस सिटीतल्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक काळा मुलगा होता, तोही राखीव. त्याला घरी ठेवून गेले असते तर संघाचं काही अडलं नसतं, कोणी ब्रही काढला नसता. वूडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी आयोजकांना बंदी उठवावी लागली आणि वॉकर खेळला. बाकावर बसणाऱ्या मुलासाठी सगळ्या संघाची स्पर्धा सोडणं, हा निर्णय जिंकण्याच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता मला जड जाणारी गोष्ट. याच वूडन यांच्या यूसीएलएत सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनिक चाहता खेळाडूंना नियमबाह्य मदत करत होता, आणि वूडन यांनी त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. एनसीएएची कारवाई झाली ती त्यांच्या निवृत्तीनंतर, १९८१ मध्ये. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ तर माझ्या मते या खेळातला सर्वांत सभ्य माणूस. नवखे सहायक असताना ते आपल्या पाद्र्यासोबत एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन चॅपल हिलमधल्या गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसले. पुढे कित्येक वर्षांनी एका पत्रकाराने ही गोष्ट खणून काढली, तर ती बाहेर आल्याचंच त्यांना वाईट वाटलं. योग्य ते करावं, त्याचा अभिमान कसला बाळगायचा, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये ते गेल्यावर मृत्युपत्रानुसार सुमारे १८० माजी खेळाडूंना घरपोच २०० डॉलरचा धनादेश आला, बाहेर छान जेवा म्हणून. त्यात मायकेल जॉर्डन होता आणि बाकावरून कधी न उठलेलाही होता. तरीही याच विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं तास न भरणारे, नावापुरते अभ्यासक्रम चालले. त्यांचा लाभ घेणाऱ्या सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. त्यातली सुरुवातीची वर्षं स्मिथ यांच्याच कारकिर्दीतली. तेव्हा एका भल्या माणसाने व्यवस्था आपोआप भली होत नाही, हे मला कबूल करावंच लागतं. मात्र यावरून चारित्र्य निरुपयोगी ठरत नाही. ठरतं ते इतकंच, की चांगल्या माणसावरही कोणाचं तरी लक्ष हवं, आणि वाईट माणसावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर काय होईल याची कल्पना करावी.

नीतीचा बडगा कुठेही उगारला जाण्याची भीतीही अनाठायी नाही. कोच केल्व्हिन सॅम्पसन यांना २००८ मध्ये इंडियानातून जावं लागलं ते खेळाडूंना ठरलेल्यापेक्षा जास्त फोन केल्याबद्दल आणि त्याविषयी खोटं बोलल्याच्या आरोपावरून. फोनवरची ती बंधनं नंतर एनसीएएनेच सैल केली. खोटं बोलणं मी गंभीर मानतो, पण जास्त फोन केले म्हणून माणूस नीच ठरत नाही. याउलट लुइव्हिल विद्यापीठात संघाच्या वसतिगृहात, शाळकरी वयाच्या पाहुण्या खेळाडूंसाठी संघाचाच एक कर्मचारी बायका आणत होता. मुख्य कोच रिक पिटिनो यांचं म्हणणं, मला ठाऊक नव्हतं. एनसीएएने त्यांना देखरेखीत कसूर केल्याबद्दल दोषी धरलं आणि २०१८ मध्ये विद्यापीठाचं २०१३ चं अजिंक्यपदच पुसून टाकलं. घामाने जिंकलेल्या मुलांची नावं खोडून काय मिळालं, हे मला अजून समजलेलं नाही. या प्रकरणात पिटिनो यांचा खासगी नीतिमत्तेचा दाखला मागणं निरर्थक आहे. प्रश्न वेगळा आहे: ज्या सतरा वर्षांच्या मुलाला तुम्ही त्याच्या आईकडून मागून आणलंत, तो तुमच्या छपराखाली कुठे झोपतो आणि त्याच्या खोलीत कोण येतं, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही नेमकं कशाचे कोच?

सत्तेचा दुरुपयोग कुठपर्यंत जातो ते बेलर विद्यापीठात दिसलं. २००३ च्या उन्हाळ्यात पॅट्रिक डेनेही या खेळाडूचा संघातल्याच एका माजी सहकाऱ्याने खून केला. चौकशीत उघड होऊ लागलं की कोच डेव्ह ब्लिस यांनी डेनेहीची फी नियम मोडून भरली होती. ते लपवायला ब्लिस यांनी ठरवलं, की डेनेही अमली पदार्थ विकून पैसे कमवत होता असं सर्वांनी सांगायचं. मेलेला मुलगा उलटून बोलणार नव्हता. एबार राऊज या तरुण सहायकाने ते बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं आणि कट उघडकीला आला. ब्लिस गेले, हे ठीकच. पण राऊजचं काय झालं? ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेव्स्की यांच्यासारख्या, नाइट यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दिग्गजाने सांगितलं की सहायकाने माझं बोलणं असं चोरून मुद्रित केलं तर तो माझ्याकडे राहणार नाही. राऊजला पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुन्हा काम मिळालं नाही. ब्लिस यांना मात्र बंदीचा काळ सरल्यावर एका लहान ख्रिस्ती महाविद्यालयाने पुन्हा कोच नेमलं. चारित्र्य महत्त्वाचं की विजय, या वादात दोन दशकं शाई ओतणाऱ्यांनी राऊजच्या नावाचा उच्चार किती वेळा केला? या व्यवसायाचा खरा स्वभाव कोणत्याही खुर्चीफेकीपेक्षा या एका तुलनेत अधिक स्पष्ट दिसतो.

काळ बदलला, आता या गोष्टी करू नका, असंही सांगितलं जातं. तेही तपासून पाहू. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजपासून केंटकीपर्यंत खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांचे गुण फिरवल्याचं बाहेर आलं. केंटकीचे कोच अडॉल्फ रप ऐटीत म्हणाले होते की माझ्या पोरांना जुगारी दहा फुटी काठीनेही शिवू शकणार नाहीत. काही महिन्यांत त्यांचेच नामवंत माजी खेळाडू पकडले गेले, आणि १९५२-५३ चा हंगाम केंटकीला खेळताच आला नाही. मुलांच्या कारकिर्दी तिथेच संपल्या. रप १९७२ पर्यंत कोच राहिले. त्या वेळी कारण सांगितलं गेलं ते पैशाचं आणि गर्दीचं, आजही तेच सांगितलं जातं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागलीत. हे उशिरा आलेलं न्याय्य पाऊल आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण पैसे मिळू लागले म्हणून अठरा वर्षांचा मुलगा तीस वर्षांचा होत नाही. उलट आता त्याच्या मिळकतीची किल्लीही कोर्टवरच्या मिनिटांत, म्हणजे पुन्हा कोचच्याच हातात आहे. दुसरीकडे जाता येतं खरं, पण गळा धरल्यावर दार उघडं आहे असं सांगणं हे गळा धरण्याचं समर्थन होऊ शकत नाही.

खेळाच्या जन्माकडे पाहिलं तरी हेच दिसतं. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्यात तरुणांना गुंतवून ठेवायला, धसमुसळेपणा कमी करायला बास्केटबॉल शोधला. पुढे ते कॅन्ससला गेले. ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या आजवरच्या कोचांत पराभव जास्त असलेले ते एकटेच. आजच्या मोजपट्टीने खेळाच्या जनकालाच तिसऱ्या वर्षी नारळ मिळाला असता.

तेव्हा विद्यापीठांनी करायला हवं ते असं. कोच नेमण्याआधी त्याच्या जिंकलेल्या सामन्यांची यादी सगळेच बघतात, त्याने गेल्या दहा वर्षांत गमावलेल्या मुलांची यादी मागवा. जे सोडून गेले, ज्यांची शिष्यवृत्ती थांबली, जे बाकावरच राहिले, जे सहायक एका हंगामात निघून गेले, जे विद्यार्थी टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते, त्यांना फोन करा. गाजलेल्या खेळाडूंची शिफारसपत्रं बाजूला ठेवा, ती कोणालाही मिळतात. खेळाडूंना तक्रारीसाठी जी जागा द्याल ती क्रीडाविभागाच्या बाहेर, थेट अध्यक्षांना उत्तरदायी अशी ठेवा, कारण रटगर्समध्ये तक्रार क्रीडासंचालकांच्या टेबलावरच मिटवली गेली होती. आणि करारात हेही लिहा, की खेळाडूवर हात टाकल्याचं सिद्ध झालं तर उरलेल्या वर्षांचा मोबदला मिळणार नाही, मग त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचलेला असो वा तळाला गेलेला. हे कलम हंगाम सुरू होण्यापूर्वी, कोच अजून एकही सामना जिंकलेला नसताना, सही करून घ्यावं लागेल.